प्रदक्षिणेपुरती जागा

छत्तीस वर्षें शाळामास्तरकी केलेल्या मनुष्याच्या अंगीं एक दोष हटकून जडतो. दुसऱ्याची चूक त्यास दुरून दिसते आणि ती दिसतांच त्याचा हात आपोआप लाल शाईकडे वळतो. स्वतःची चूक मात्र नाकासमोर असली तरी त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. संस्कृत आणि गणित हे दोन विषय शिकवितां शिकवितां मींहि हजारों वह्या तांबड्या केल्या. आतां वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं माझ्याच एका आकृतीभोंवतीं तसें वर्तुळ काढण्याची पाळी मजवर आली, तिची ही हकीकत आहे. ती एका शिडाच्या नौकेची आहे खरी. परंतु जेथें चार माणसें एकत्र नांदतात अशा कोणत्याहि घराशीं तिचा संबंध आहे असें वाटल्यावरून ती या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

आम्ही वाईचे. आमचें पाणी म्हणजे कृष्णेचें, आणि तेंहि घाटाच्या पायरीवर बसून पाहिलेलें. समुद्राशीं आमच्या घराण्याचा संबंध जेवणांतल्या मिठापलीकडे कधीं आला नव्हता. तो आणला माझ्या चिरंजीवानें. २००९ च्या ऑगस्टांत कमांडर दिलीप दोंदे हे गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नांवाच्या शिडाच्या नौकेंतून एकटे मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मे महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आले. असें करणारे ते पहिले भारतीय. आमचा मुलगा त्या वेळीं पुण्यास इंजिनिअरिंग शिकत होता. तीं वर्तमानें वाचून त्याच्या डोक्यांत जें वारें शिरलें तें आजतागायत निघालें नाहीं. पुढें नोकरीनिमित्त तो इंग्लंडांत साउदॅम्प्टन येथें स्थायिक झाला, लग्न झालें, सूनबाई दंतवैद्य, त्याच गांवीं काम करणारी. २०२१ सालीं दोघांनीं मिळून सत्तावीस फुटांची एक जुनी फायबरग्लासची नौका विकत घेतली आणि जवळच्या हॅम्बल नदींत ठेवली. त्या भागांत एकाच भरतीचें पाणी दोनदां माथ्यास पोंचतें, समोर वाइट बेट वाऱ्यास आडवें उभें आहे, आणि रविवारीं पाहावें तों साऱ्या खाडीभर शिडेंच शिडें दिसतात.

२०२२ च्या उन्हाळ्यांत मी प्रथम तेथें गेलों, तेव्हां चिरंजीवापुढें एक प्रश्न होता. मुख्य शीड डोलकाठीवर चढविण्याचा एक दोर, आणि वारा वाढल्यावर तेंच शीड आखडून लहान करण्याचे दोन दोर, असे तीन दोर डोलकाठीच्या पायथ्याशींच बांधलेले होते. म्हणजे वारा सुटला, लाटा उसळूं लागल्या, कीं नेमक्या त्याच वेळीं कोणीतरी केबिनच्या ओल्या छतावरून चालत डोलकाठीपर्यंत जावयाचें. मुलगा सुकाणूवर बसला कीं जाणारी सूनबाईच. त्याला हे तिन्ही दोर छतावरून मागें आणावयाचे होते, म्हणजे जिन्याच्या तोंडाशीं सुरक्षित उभें राहून तें काम करतां यावें.

याची रचना अशी. डोलकाठीच्या पायथ्याशीं कप्पी लावून दोर काटकोनांत वळवावयाचा. छताच्या कडेकडेनें मागें आणावयाचा. तेथें तीन खटक्यांची एक पेटी, जी दोर घट्ट धरून ठेवते. आणि पेटीच्या मागें विंच. विंच म्हणजे उभा ढोल. त्याला दोराचे तीनचार वेढे घालतात, आणि ते नेहमीं घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें, म्हणजे आपण देवास प्रदक्षिणा घालतों त्याच दिशेनें घालावे लागतात. ढोलाच्या माथ्यावरील खांचेंत हँडलाचा चौकोनी खुंट बसवून तें फिरविलें कीं दोर ओढला जातो. हँडल २५ सेंटिमीटरांचें, ढोलाची त्रिज्या साडेतीन. घर्षण सोडून दिलें तर हाताच्या जोराच्या सातपट ओढ दोरास मिळते.

असा प्रश्न समोर आल्यावर निवृत्त गणितशिक्षक स्वस्थ बसेल ही अपेक्षाच चुकीची. काटकोनांत दोर वळविणाऱ्या कप्पीवर भार किती येतो, हें मीं तोंडींच सांगितलें. समचौरसाच्या कर्णास आपले शुल्बसूत्रकार द्विकरणी म्हणत; तेंच गुणोत्तर येथें लागतें. दोराची ओढ २०० किलो असेल तर कप्पीवर सुमारें २८३ किलोंचा भार, आणि तेथले बोल्ट त्या हिशेबाचे हवेत. मुलानें हें पुस्तकांत ताडून पाहिलें आणि ‘‘अण्णा, बरोबर!’’ म्हणाला. त्या ‘बरोबर’नें माझा धीर वाढला. दुसऱ्या दिवशीं मीं टेप घेऊन छत मोजलें आणि आलेख-कागदावर एकास पांच या प्रमाणांत सारा आराखडा रेखाटला. मुलाचें म्हणणें होतें कीं सारी ओळ थोडी आंत, सरकत्या झांकणाच्या बाजूस घ्यावी. मला तें पसंत पडेना. झांकणाची रूळपट्टी आणि छताची कड यांच्या बरोबर मध्यावर विंच आली पाहिजे, असा माझा आग्रह. वर्गांत वर्तुळ रेघेच्या एका अंगास कललेलें दिसलें तर मी तें खोडून पुन्हां काढावयास लावीत असें. तोच न्याय मीं डेकास लावला. मुलगा पुढें बोलला नाहीं. हिवाळ्यांत त्यानें माझ्या आराखड्याप्रमाणें सर्व बसविलें आणि मला छायाचित्रें पाठविलीं. तीं मीं वाईंत पुष्कळांस दाखविलीं.

एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. जिन्याच्या तोंडावर पाऊस आणि उडतें पाणी अडविण्यासाठीं, टांग्याचा टप असतो तसा घडीचा कापडी टप या नौकेंत असतो. त्यास पोलादी नळ्यांच्या कमानी. मीं मापें घेतलीं त्या दिवशीं लख्ख ऊन होतें, आणि टप घडी करून पुढें निजविलेला होता.

२०२३ च्या सप्टेंबरांत घरीं फोन आला कीं नौकेंत पाय घसरून सूनबाईच्या उजव्या हातास दुखापत झाली. फार नाहीं, काळजी नसावी. आम्ही काळजी केली आणि देवास नारळ ठेवला. पुढें मार्च २०२४ मध्यें मी दुसऱ्यांदा साउदॅम्प्टनला गेलों, तेव्हां मला कळलें कीं करंगळीखालचें तळहाताचें हाड मोडलें होतें आणि हात सहा आठवडे बांधून ठेवावा लागला होता. ज्या हातानें दांत कोरावयाचे तोच हात. त्याहून मोठी गोष्ट कोणीं बोलून न दाखवितां मला दिसली: नौकेचें नांव घरांत निघत नव्हतें. पूर्वीं जेवतांना ओहोटीच्या वेळा पाठ म्हणणारीं हीं दोघें आतां हवेबद्दल सुद्धां जपून बोलत. चवथ्या दिवशीं मुलगा म्हणाला, ‘‘अण्णा, नौका विकून टाकतों आहे. तिला आतां यावयाचें नाहीं, आणि एकट्यानें मला जावयाचें नाहीं.’’ सांगतांना तो खिडकीबाहेर पाहत होता.

नौका हिवाळ्याकरितां पाण्याबाहेर काढून आवारांत टेकूंवर उभी केलेली होती. आंतील सामान आणण्यास मी त्याच्याबरोबर गेलों. पाऊस भुरभुरत होता म्हणून त्यानें टप उभारला आणि तो खालीं केबिनमध्यें उतरला. मी जिन्याच्या पायरीवर उभा राहिलों. समोर माझी विंच होती. कौतुकानें हँडल उचललें, खांचेंत बसवूं लागलों, तों वरची कमान आड आली. हँडल तिरपें धरून कसेंबसें आंत घातलें आणि फिरविलें. पाव फेरा, अर्धा फेरा, आणि माझीं बोटें टपाच्या पोलादी नळीवर आदळलीं. अर्धा मिनिट मी तसाच उभा होतों. मग खिशांतील टेप काढून मोजलें. विंचेच्या मध्यापासून नळीपर्यंत २२ सेंटिमीटर. हँडल २५, आणि त्यापुढें मूठ धरणाऱ्या हाताचें निदान ५.

पाय घसरला नव्हता.

खालून मुलगा वर आला, माझ्या हातांतील टेप त्यानें पाहिला, आणि आतां लपविण्यांत अर्थ नाहीं हें त्याच्या ध्यानीं आलें. टप पाडलेला असतां विंच उत्तम फिरे, म्हणून पहिल्या वसंतांत कांहींच जाणवलें नव्हतें. टप उभारला कीं पुरा फेरा होत नसे. पण या विंचेंत असा खटका असतो कीं हँडल मागें घेतलें तरी ढोल मागें फिरत नाहीं, त्यामुळें पुढें-मागें करीत काम निभे. शंकराच्या देवळांत सोमसूत्र न ओलांडतां आल्या वाटेनें परततात, तशी ही अर्धी प्रदक्षिणा. सप्टेंबरांतील त्या दुपारीं वारा एकाएकीं वाढला, पाऊस आला, टप उभा, मुलगा सुकाणूवर, आणि शीड आखडण्याचा दोर ताणण्यास ती उभी राहिली. वरची कमान आड येत असल्यानें खुंट खांचेंत पुरता बसला नाहीं. जोर लावतांच तो सुटला आणि तिचा हात सर्व शक्तीनिशीं नळीवर बसला. ‘‘तुम्हांला वाईट वाटेल म्हणून तिनेंच सांगूं दिलें नाहीं,’’ तो म्हणाला.

म्हणजे जी चूक उन्हांत दिसत नाहीं आणि नेमकी संकटांत उघडी पडते, तशी माझी ती चूक होती. कप्पीवरचा भार मीं दशांशापर्यंत काढला होता. पण फिरणाऱ्या वस्तूस फिरण्यापुरती जागा लागते एवढें माझ्या ध्यानीं आलें नव्हतें. आपल्या देवळें बांधणाऱ्यांस हें पक्कें ठाऊक होतें. गाभाऱ्याभोंवतीं प्रदक्षिणेचा मार्ग ठेवला तर त्या प्रासादास ते सांधार म्हणत, न ठेवला तर निरंधार; मूर्तीच्या मापाबरोबर भक्ताच्या चालण्याचें मापहि त्यांच्या आराखड्यांत असे. मीं मूर्ति काढली, गाभारा काढला, आणि वाट काढण्याचें विसरलों.

त्या रात्रीं जेवण झाल्यावर मीं सूनबाईस म्हटलें, ‘‘तुझा हात माझ्या नकाशानें मोडला. तूं मला सांगितलें कां नाहींस?’’

ती ताटें उचलीत होती. थांबून म्हणाली, ‘‘अण्णा, पहिल्याच महिन्यांत माझ्या लक्षांत आलें होतें. पण तुमचा नकाशा इतका सुरेख होता, आणि तुम्हीं तो इतक्या हौसेनें काढला होता. म्हटलें, आपणच हात जरा आंखडून घ्यावा.’’

तिच्या या बोलण्यानें मला वाईच्या घराचें मागील अंगण आठवलें. १९८४ सालीं आम्हीं भावांनीं तेथें न्हाणीघर बांधलें, तेव्हां भिंतीची आंखणी मींच केली. तुळशीवृंदावनास धक्का लागूं दिला नाहीं याचा मला अभिमान होता. भिंत आणि वृंदावन यांत वीतभर फट सोडली होती. आई २००२ सालीं गेली. तोंवर अठरा वर्षें ती रोज सकाळीं प्रदक्षिणा घालतांना त्या एका बाजूस पदर आवरून, अंग आडवें करून सरकत जाई. मी ओसरीवर बसून तें पाहत असें. तिनें कधीं शब्द काढला नाहीं, आणि मला कधीं प्रश्न पडला नाहीं. त्या रात्रीं साउदॅम्प्टनच्या स्वयंपाकघरांत, अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, तो मला पहिल्यानें पडला.

मीं मुलास सांगितलें कीं नौका विकावयाची तर विक, परंतु आधीं ही विंच मला सरळ करूं दे. चुकलेलें गणित तसेंच सोडून उठण्याची मला संवय नाहीं. यावर तो हंसला, पुष्कळ दिवसांनीं.

पहिला उपाय त्यानेंच सुचविला: २५ ऐवजीं २० सेंटिमीटरांचें लहान हँडल घ्यावें. तसें मिळतेंहि. परंतु हँडल लहान झालें कीं जोर त्याच प्रमाणांत घटतो. सातपटीचा सहापटीहूनहि कमी होतो, आणि २० मध्यें मुठीचे ५ मिळविले तर २२ सेंटिमीटरांत तेंहि मावत नाहीं. दुसरा उपाय विंच उंच ठोकळ्यावर बसविण्याचा. पण कमान वर आंत वळते, त्यामुळें उंचावर जागा अधिकच अरुंद. शिवाय दोर ढोलाकडे किंचित् खालून वर, पांच ते आठ अंशांचा चढ घेऊन आला पाहिजे असा नियम आहे. चढ नसेल तर एक वेढा दुसऱ्यावर चढून बसतो आणि भर वाऱ्यांत दोर असा अडकतो कीं तो सुटतां सुटत नाहीं. चढ फार झाला तरी दोर नीट बसत नाहीं. तेव्हां उंचीशीं खेळण्यास फारसा वाव नव्हता. विंचच हलविणें प्राप्त होतें.

मीं एका खोक्याच्या पुठ्ठ्याची ३१ सेंटिमीटर त्रिज्येची चकती कापली. ती छतावर ठेवून सरकवीत जावयाचें. जेथें ती कशालाहि न लागतां बसेल तेथें विंचेचा मध्य. शनिवारीं आम्ही निघालों, तेव्हां सूनबाईनें न बोलतां कोट चढविला आणि गाडींत येऊन बसली. मीं चकती दाखविली. ती तिनें उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, ‘‘अण्णा, एवढें पुरणार नाहीं. हँडल बसवितांना हात वरून येतो. वरची जागा तुम्हीं मोजलीच नाहीं.’’

खरेंच होतें. मी कागदावर विचार करणारा. माझें जग लांबीरुंदीचें. ती पुढें म्हणाली, ‘‘आमचा सारा धंदाच या हिशेबाचा आहे. शेवटच्या दाढेपर्यंत उपकरण पोंचतें. पण तेथें तें वळलें नाहीं तर उपयोग काय? म्हणून त्याचें डोकें लहान असतें. तोंड किती उघडतें हें पाहून आम्ही हातांत काय घ्यावयाचें तें ठरवितों. रोग्यास सांगून भागत नाहीं कीं तुझें तोंड मोठें कर.’’ एवढें बोलून तिनें माझ्या चकतीच्या मध्यावर १८ सेंटिमीटरांची एक काडी उभी चिकटविली: खुंट, हँडल आणि मूठ यांची मिळून उंची. त्या क्षणापासून त्या कामाची मुख्य ती झाली आणि मी हिशेबनीस झालों.

चकती सरकवितां सरकवितां असें दिसलें कीं विंच ९ सेंटिमीटर आंत, झांकणाच्या बाजूस, आणि ४ सेंटिमीटर मागें घेतली तर सर्व बाजूंनीं मोकळीक मिळते. झांकणाची रूळपट्टी चकतीखालीं येत होती खरी. पण पट्टीची उंची ६ सेंटिमीटर आणि हँडल फिरतें १४ च्या वर, म्हणून अडचण नाहीं. म्हणजे मुलगा दोन वर्षांपूर्वीं म्हणाला होता तीच ही जागा. मीं तसें बोलून दाखविलें. ‘‘असूं द्या, अण्णा,’’ तो म्हणाला. पण त्याला तें ऐकून बरें वाटलें हें मला दिसलें.

एक वस्तु सरकविली कीं तिच्या शेजारणीसहि सरकावें लागतें. दोर पेटींतून सरळ विंचेवर आला पाहिजे, तिरपा आला तर घांसतो. म्हणून खटक्यांची पेटीहि तितकीच आंत घेतली. पेटी आणि विंच यांत ३० सेंटिमीटर अंतर. सहा अंशांचा चढ हवा तर एवढ्या अंतरांत ३२ मिलिमीटर उंची लागते. मोजून पाहतां १२ मिलिमीटर कमी पडत होते, तितक्या जाडीची सागाची बैठक विंचेखालीं घेतली, आणि छताचा बांक तिच्या तळाशीं तासून काढला.

खरी अडचण पुढें आली, ती छताच्या खालून. विंचेचा तळ पांच बोल्टांनीं बसतो. ते ५० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर बहात्तर-बहात्तर अंशांनीं असतात. नव्या जागीं सर्वांत मागील बोल्ट नेमका केबिनच्या आडव्या भिंतीच्या माथ्याशीं उतरत होता. नट फिरविण्यास पाना शिरेना. विंच पुढें घ्यावी तर टपाची पुढील बाजू चकतीस लागे. मुलगा हताश होऊन म्हणाला कीं भिंतीचा माथा कोरावा लागेल. येथें मात्र माझी विद्या कामास आली. तळ छत्तीस अंशांनीं फिरविला, कीं जेथें बोल्ट होता तेथें दोन बोल्टांमधील रिकामी जागा येते. छत्तीस अंशांची कोज्या ०.८०९, पन्नासास तिनें गुणलें कीं चाळिसांहून किंचित् अधिक. म्हणजे भिंतीपासून साडेनऊ मिलिमीटर हातीं लागले. पाना शिरण्यास तेवढे पुरले. वस्तु तीच, जागा तीच, नुसतें जरा वळून उभें राहिल्यानें भिंतीशीं भांडण मिटलें.

नवीं भोंकें पाडण्याचेंहि शास्त्र आहे. या नौकेचें छत म्हणजे वरखालीं फायबरग्लासचे पातळ थर आणि मध्यें बाल्सा नांवाचें हलकें लांकूड. बोल्टाच्या भोंकांतून पाणी त्या लांकडांत उतरलें कीं तें आंतल्या आंत कुजतें, आणि वरून वर्षानुवर्षें कांहीं दिसत नाहीं. म्हणून आधीं मोठें भोंक पाडावयाचें, तें एपॉक्सीनें भरावयाचें, तें दगडासारखें घट्ट झालें कीं त्याच्या मध्यांतून बोल्टापुरतें लहान भोंक घ्यावयाचें. मग पाण्याची गांठ लांकडाशीं पडतच नाहीं. खालून भार वांटून घेणारी जाड पट्टी. विंचेचा तळ ॲल्युमिनिअमचा आणि बोल्ट पोलादी. दोन धातु आणि खारें पाणी एकत्र आलें कीं ॲल्युमिनिअम हळूहळू खाल्लें जातें, म्हणून दोहोंमध्यें लेप. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत समुद्रांत जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, समुद्रांतील चुंबकपाषाण तिला ओढून घेतील, असें सांगितलें आहे, तें मीं दोघांस ऐकविलें. कारण चुकीचें असेल. पण खाऱ्या पाण्यांत धातूविषयीं सावध असावें ही बुद्धि खरी.

जुनीं भोंकें कांचकापड आणि एपॉक्सी घालून बुजविलीं. वरून रंग दिला; तरी तेथें एक फिकट वर्तुळ राहिलें तें राहिलेंच. मुलगा म्हणाला कीं पुन्हां घांसून रंग देतों. मीं म्हटलें, असूं दे. लाल नाहीं एवढेंच. बाकी तें वर्तुळ माझ्या ओळखीचें आहे.

मे महिन्यांत नौका पाण्यांत उतरली. पहिल्या रविवारीं तिघें निघालों. वारा बेताचा होता. तरी मीं आग्रह करून टप उभारावयास लावला. चकतीची परीक्षा उन्हांत नको होती. खाडी रुंद झाली तशी सूनबाई जिन्याच्या पायरीवर उभी राहिली. दोराचे तीन वेढे तिनें घातले. हँडल वरून सरळ बसविलें, आणि पुढें जोर लावण्याआधीं क्षणभर थांबली. तिचा उजवा हात किंचित् आंखडलेला मला दिसला. मुलगा सुकाणूवर ताठ बसला होता. मग तिनें फिरविलें. पाव फेरा, अर्धा फेरा, पाऊण फेरा, आणि हँडल पुन्हां जेथून निघालें होतें तेथें आलें. कशासहि न लागतां. तिनें दुसरा फेरा घेतला, तिसरा घेतला. शीड टणटणीत ताणलें गेलें तरी ती आणखी एक घेत होती. कोणी कांहीं बोललें नाहीं. परततांना ओहोटी किती वाजतां लागणार यावरून दोघांचा चांगला वाद झाला. विक्रीची गोष्ट पुढें कोणीं काढली नाहीं, आणि मींहि विचारली नाहीं.

सप्टेंबरांत मी वाईस परत आलों. आमचें घर एकत्र आहे; धाकट्या भावाचा मुलगा, त्याची बायको आणि मुलें असा परिवार आहे. आल्यावर दोन दिवसांनीं मीं पुतण्याच्या बायकोस विचारलें, ‘‘या घरांत तुला कोठें अंग चोरून चालावें लागतें काय?’’ ती जरा गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. ‘‘नाहीं, अण्णा, तसें कांहीं नाहीं,’’ म्हणाली. मीं खिशांतून टेप काढून तिच्या हातांत दिला आणि ओसरीवर जाऊन बसलों. थोड्या वेळानें तिनें मला आंत बोलावलें आणि तीन जागा दाखविल्या. त्यांपैकीं दोन माझ्या आंखणीच्या होत्या.